गो, नो-गो

रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये
मोजमापाच्या टेबलावर एक लाकडी खोका आहे,
आत हिरवं फेल्ट, फेल्टला पडलेला खड्डा,
खड्ड्यात बोटाएवढा पोलादी गेज.
एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'.
गो भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये.
एवढंच.
डिप्लोमाला तीन वर्षं घालवून
मी हेच करते, दिवसाला सहाशे वेळा.

फेब्रुवारीत चाकणहून माल परत आला.
चार पेट्या, वर लाल चिठ्ठी:
पिन बसत नाही.
भोक दहा मायक्रॉननी लहान.
दहा मायक्रॉन म्हणजे किती, हे पडवळ साहेबांनी विचारलं नाही.
रात्रपाळीला कोण होतं, ते विचारलं.

रात्रपाळीला लहू सोनटक्के होता.
कंत्राटी, उदगीरकडचा, दिघ्यात भाच्याबरोबर राहतो.
मशीन सुरू करण्याआधी तिच्या पत्र्यावर दोनदा टिचकी मारतो,
का, ते कुणाला माहीत नाही.
तीन दिवस बिनपगारी.
त्याने कागदावर सही केली, माझ्याच पेनाने,
आणि टोपण लावून पेन परत दिलं.

मग भिंतीवरचा तक्ता भरायचा होता,
पाच वेळा 'का'.
भोक लहान का? रीमर झिजला.
बदलला का नाही? झिजल्याचं कळलं नाही.
कळलं का नाही? गेज सरळ आत जात होता.

इथपर्यंत अक्षर छान आलंय माझं.

चौथ्या 'का'पाशी मी गेज हातात घेतला.
गो टोक चकचकीत. नको इतकं.
नो-गोवर अजून पहिल्या दिवसाचा काळपट तेलकट रंग,
ते कधी कुठे आत गेलंच नव्हतं ना.
झिजतं ते जाणारं टोक.
आणि झिजवलं कुणी, तर बरोबर असलेल्या नगांनी,
हजारोंनी, एकेक करून, कुणाचं काही न बिघडवता.

खोक्याच्या झाकणावर पिवळं स्टिकर:
कॅलिब्रेशन झाले. तारीख. सही, सु. मढवी.
ऑडिट होतं त्या आठवड्यात.
लॅब महाप्याला, रिक्षाने वीस मिनिटं.
पाठवला नव्हता.
स्टिकर मात्र सरळ लावलं होतं,
कडेचा बुडबुडा नखाने दाबून.

बाबांचं घणसोली गावात वाणसामानाचं दुकान होतं.
वजनमापवाला वर्षातून एकदा यायचा,
वजनाच्या पोटातल्या शिशावर ठोकून शिक्का मारायचा.
एका वर्षी तो आलाच नाही,
तर बाबा पिशवीत वजनं भरून ठाण्याला गेले, दुकान बंद ठेवून.
संध्याकाळी आई म्हणाली, कुणी विचारलं होतं का?
पाच किलोचं वजन उंबऱ्याशी टेकवत बाबा म्हणाले,
पाणी दे आधी.

चौथा: गेज झिजलेला होता.
पाचवा: तपासला नव्हता. स्टिकर मी लावलं. सु. मढवी.

पडवळ साहेब तक्त्यासमोर बराच वेळ उभे.
'व्यक्तीचं नाव लिहायचं नसतं गं,
पद्धतीतला दोष लिहायचा.'
मग सोनटक्केचं कसं लिहिलं, सर?
तेवढ्यात कॉम्प्रेसरने हवा सोडली,
त्या आवाजात ते काहीतरी म्हणाले,
मला ऐकू आलं नाही.

लहूचे दोन दिवस परत मिळाले. तिसरा विचाराधीन.
माझं इन्क्रिमेंट, ते जाऊ दे.
आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गेज महाप्याला जातो.
भिंतीवर तसा कागद आहे, लॅमिनेट केलेला,
सुधारणा क्रमांक एकेचाळीस.

काल पाळी बदलताना लहू पहिला नग घेऊन आला.
मी हात पुढे केला.
त्याने दिला नाही.
'आधी स्टिकर दाखवा,' म्हणाला. हसला नाही.
दाखवलं.
तारीख त्याने बोट लावून वाचली, मग सही,
मग गेजवर दोनदा टिचकी मारली
आणि नग टेबलावर ठेवला.